पेन्शनच्या कागदावरचा ‘स्पेशल’ हा शब्द

वाचकांचे पत्र

ताई, नमस्कार. आम्ही कोरेगाव तालुक्यातले. आमचे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. २०१५ च्या पावसाळ्यात सिक्कीममध्ये ड्युटीवर असताना लष्कराची गाडी दरीत गेली, त्यात ते गेले. गावाने मोठी अंत्ययात्रा काढली, चौकात ‘शहीद जवान’ असा फलक लावला. तेव्हा मुलगी सात वर्षांची होती, मुलगा दोन वर्षांचा.

यंदा मुलीला बारावीला ७१ टक्के मिळाले. पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, तिचा नंबर लागला. कॉलेजने वर्षाची फी सव्वा लाख सांगितली. बचत गटातून पन्नास हजार उचलून भरले. बाकीचे कुठून आणायचे समजत नाही. गावातले एक माजी सैनिक म्हणाले, पंतप्रधानांची शिष्यवृत्ती असते, पण ती लढाईत गेलेल्यांच्या मुलांना. तुमचं अपघाताचं प्रकरण आहे, मिळणार नाही. पेन्शनच्या कागदावर इंग्रजीत ‘स्पेशल फॅमिली पेन्शन’ लिहिलेलं आहे. कागद सगळे दिरांकडे असतात. ते म्हणतात, स्पेशल हे नावालाच. आणि मुलगी म्हणते, बाबांच्या नावावर पैसे मागायचे नाहीत. माझं शिक्षण दहावी. मी काय करू?

– एक आई, जि. सातारा

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ‘स्पेशल फॅमिली पेन्शन.’ तुमचे दीर म्हणतात ते नावालाच, पण या एका शब्दावर तुमच्या मुलीच्या चार वर्षांचा बराचसा खर्च उभा आहे. म्हणून आधी तोच नीट उलगडून सांगते.

सैनिक सेवेत असताना गेला तर त्याच्या पत्नीला मिळणारी पेन्शन मुख्यतः तीन प्रकारची असते. मृत्यूचा लष्करी सेवेशी संबंध नाही असं ठरलं, तर ‘ऑर्डिनरी’, म्हणजे साधी. ती साधारण शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. मृत्यू लष्करी सेवेमुळे झाला असं मान्य झालं, तर ‘स्पेशल’. ती ६० टक्के. आणि शत्रूशी लढताना, दहशतवाद्यांशी चकमकीत किंवा तशाच कारवाईत मृत्यू आला, तर ‘लिबरलाइज्ड’. ती शेवटच्या पगाराइतकी. तुम्हाला स्पेशल मिळते, याचा अर्थ तुमच्या यजमानांचा मृत्यू सेवेमुळे झाला हे लष्कराने चौकशी करून, कागदावर लिहून, केव्हाच मान्य केलेलं आहे. इंग्रजीत त्याला ‘ॲट्रिब्युटेबल टू मिलिटरी सर्व्हिस’ म्हणतात. हे तीन-चार शब्द मुलीकडून वहीत लिहून घ्या आणि पाठ करा. कार्यालयात तुमच्या बाजूने हेच बोलणार आहेत.

आता पंतप्रधान शिष्यवृत्ती. ती दिल्लीचं केंद्रीय सैनिक मंडळ देतं आणि आपल्याकडे अर्जाची तपासणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. दरवर्षी देशभरात ५,५०० जणांना ती नव्याने मिळते, निम्म्या मुली, निम्मी मुलं. मुलींना महिना ३,००० रुपये आणि मुलांना २,५००. पैसे वर्षाचे एकदम खात्यात येतात. म्हणजे मुलीला वर्षाला ३६,००० आणि इंजिनिअरिंगच्या चार वर्षांचे १,४४,०००. तुमच्या गावातल्या त्या माजी सैनिकांनी तुमचं वाईट चिंतलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या कानावर अर्धीच गोष्ट आली आहे. या योजनेत अर्जांचे सहा गट करतात आणि वरच्या गटाला आधी देतात. पहिला गट लढताना गेलेल्यांच्या मुलांचा आणि पत्नींचा. दुसरा लढाईत अपंगत्व येऊन ज्यांना घरी यावं लागलं त्यांच्या मुलांचा. तिसरा गट सेवेत असताना सेवेच्या कारणाने गेलेल्यांचा. ताई, हा तुमचा गट. चौथा सेवेमुळे अपंगत्व आलेल्यांचा, पाचवा शौर्यपदक मिळवलेल्यांचा, आणि सहाव्यात बाकीचे माजी सैनिक. ते गृहस्थ स्वतः सहाव्या गटातले असणार. तिथे मार्कांची चुरस मोठी असते, चांगली ८०-८५ टक्केवाली मुलंही मागे राहतात. म्हणून त्यांना वाटलं असेल की लढाईत गेलेल्यांनाच मिळते.

किमान अट ६० टक्क्यांची आहे, तुमच्या मुलीला ७१ आहेत. पदवीच्या पहिल्या वर्षालाच अर्ज करता येतो, हे मात्र डोक्यात पक्कं ठेवा. ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू’ असं झालं की दार बंद. प्रवेशाची धावपळ संपली की साधारण सप्टेंबरपासून वर्षअखेरीपर्यंत केंद्रीय सैनिक मंडळाच्या संकेतस्थळावर हा अर्ज खुला असतो. तारखा दरवर्षी थोड्या पुढेमागे होतात, म्हणून आठवड्यातून एकदा मुलीला पाहायला सांगा. एकदा मिळाली की दरवर्षी नूतनीकरण करायचं. त्यासाठी प्रत्येक वर्षी किमान ५० टक्के हवेत आणि विषय मागे राहू द्यायचा नाही.

आता जरा कडू गोष्ट सांगते. सरकारची आणखी एक, याहून मोठी सवलत आहे. १९७१ च्या युद्धानंतर ती सुरू झाली. लढाईत गेलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांची शाळा-कॉलेजची फी, वसतिगृहाचा खर्च, पुस्तकं, गणवेश, असं पदवीपर्यंतचं बरंच काही संरक्षण मंत्रालय देतं. २०१७ मध्ये तिला महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली होती. लष्कराच्या घरांमधून फार दुखावलेले सूर उमटले आणि मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा उठवली. पण ही सवलत मोहिमेत, लढाईत झालेल्या हानीसाठी आहे. तुमच्या यजमानांचं प्रकरण ‘फिजिकल कॅज्युअल्टी’मध्ये, म्हणजे लढाईबाहेरच्या हानीत, नोंदलेलं असणार, ‘बॅटल कॅज्युअल्टी’मध्ये नाही. त्यामुळे ती तुम्हाला लागू होत नाही. कुणी पैसे घेऊन ‘ती मिळवून देतो’ म्हणालं, तर त्याला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवा.

हे लिहिताना माझा हात अडखळतो. गावाच्या चौकात ‘शहीद’ लिहिलेलं आणि कागदावर दुसरंच काही, हे तुम्हाला टोचत असणार. पण एक जाणून घ्या. ‘शहीद’ हा शब्द आपल्या सैन्याच्या कागदांत कुणासाठीच अधिकृत नाही, कारगिलच्या शिखरावर पडलेल्यासाठीसुद्धा नाही. कागदाची भाषा वेगळी असते. तो फलक गावाने मनापासून लावलेला आहे, तो खोटा नाही. कार्यालयात मात्र कागदाचीच भाषा बोलायची. ‘माझे पती शहीद झाले, माझ्या मुलीला काहीतरी द्या’ असं म्हणालात तर टेबलामागचा माणूस हळहळेल आणि बसवून चहा देईल. ‘मला स्पेशल फॅमिली पेन्शन आहे, मृत्यू ॲट्रिब्युटेबल आहे, पंतप्रधान शिष्यवृत्तीत माझी मुलगी तिसऱ्या गटात येते’ असं म्हणालात तर तो फॉर्म काढेल.

सव्वा लाखाच्या फीबद्दल आता. तुम्ही सैनिकांच्याच योजना शोधत राहिलात, आणि सगळ्यात मोठी मदत भलत्याच दाराशी उभी आहे. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतला: आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटांतल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे आणि ज्यांचा व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश झाला आहे, त्यांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी हे निम्मं होतं. खासगी कॉलेजालाही ते लागू आहे. खासगी विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं आणि मॅनेजमेंट कोटा तेवढे यातून वगळलेले. तुमचा प्रवर्ग पत्रात नाही, पण यांपैकी कुठलाही असला तर पेन्शन आणि शेती मिळूनही तुम्ही ८ लाखांच्या आसपाससुद्धा नसाल. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना फीसाठी आधीपासूनच वेगळी योजना आहे, तुम्ही त्यात असाल तर तिकडून अर्ज करा.

तेव्हा कॉलेजात जाऊन शिष्यवृत्ती विभागाचा क्लार्क गाठा आणि फीची फोड लिहून मागा: शिक्षण शुल्क किती, विकास निधी किती, बाकीचं काय. सव्वा लाखातलं शिक्षण शुल्क हे या योजनेत जाईल. विकास निधी आणि इतर किरकोळ रकमा भराव्या लागतील. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला आणि जात किंवा प्रवर्गाचे कागद घेऊन महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा. कॉलेज म्हणेल, ‘आधी सगळी फी भरा, सरकारकडून आली की परत देऊ.’ तेव्हा सौम्यपणे म्हणा, आम्ही योजनेत बसतो, शिक्षण शुल्क घेऊ नका असा शासनाचा आदेश आहे, तुम्हाला घ्यायचंच असेल तर तसं लेखी द्या. बहुतेक ठिकाणी ‘लेखी’ म्हटल्यावर पुढचं बोलणं मऊ होतं. तुम्ही भरलेल्या पन्नास हजारांची पावती जपून ठेवा आणि ते कोणत्या खात्यात जमा धरले ते विचारा.

महाडीबीटीवरच उच्च शिक्षण विभागाची माजी सैनिकांच्या मुलांसाठी शैक्षणिक सवलत अशी वेगळी योजना दिसेल. पण तिथे एका वर्षी फीची एकच योजना घ्यायची असते, आणि तुमच्या मुलीला आत्ता मुलींच्या माफीचा फायदा जास्त आहे. दोन्हीत हात घालून अर्ज अडकवून घेऊ नका.

म्हणजे हिशेब असा मांडा: शिक्षण शुल्क राज्य सरकारकडून, राहणं, मेस, पुस्तकं यांच्यासाठी पंतप्रधान शिष्यवृत्तीचे ३६,०००. मुलगी पुण्यात राहणार आहे. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाची सैनिकी मुलींची वसतिगृहं आहेत, पुण्यातही आहे. खासगी कॉट बेसिसपेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडतात. जागा मोजक्या असतात, म्हणून चौकशीला उशीर करू नका. तिथे राहणाऱ्या मुलींच्या घरची गोष्ट थोड्याफार फरकाने सारखीच असते, तिलाही त्याने बरं वाटेल.

धाकट्यालाही विसरू नका. तुमचे यजमान हवालदार होते, आणि हवालदार व त्याखालच्या हुद्द्यांसाठी रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून शिक्षणासाठी अनुदान मिळतं, पहिलीपासून पदवीपर्यंत, दोन मुलांपर्यंत. आधी ते मुलामागे महिना १,००० होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते २,००० केलं आहे. वर्षाला २४,००० झाले. आधीच्या इयत्तेत पास झाल्याची गुणपत्रिका लागते, आणि या मुलाच्या शिक्षणासाठी दुसरीकडून सरकारी मदत घेत नाही असं लिहून द्यावं लागतं. मुलगा इतकी वर्षं शाळेत जातो आहे आणि हे कुणी सांगितलं नाही, याची मला खंत वाटते. हा निधी ज्या ध्वजदिन निधीचा भाग आहे, त्याचा छोटा ध्वज दर ७ डिसेंबरला आपण सगळ्यांनी शाळेत छातीवर लावलेला आहे. रुपया-दोन रुपये दिलेत. ते पैसे तुमच्यासारख्या घरात पोचावेत म्हणूनच दिले होते.

आता तुमच्या मुलीचं वाक्य. त्यासाठी मला माझ्या वडिलांबद्दल सांगावं लागेल.

माझे वडील १९७१ च्या डिसेंबरात शकरगढच्या आघाडीवर होते. सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखालून गेला. वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना पाय बसवला, मग खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये हाताचं काम शिकून ते गावी आले. तेव्हा मी तीन वर्षांची होते. रात्री ते तो पाय काढून खाटेशेजारी उभा करून ठेवत, बूट आणि मोज्यासकट. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचेच वडील तसे ठेवतात.

मी कॉलेजला गेले तेव्हा आईने पाटल्या मोडल्या. कॉलेजच्या ऑफिसात मी एकदा धीर करून विचारलं होतं, अपंग सैनिकाच्या मुलीला काही सवलत असते का. खिडकीतल्या माणसाने वर न बघता ‘तसलं काही नसतं’ म्हटलं. मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘मागू नको. पाय देशाला दिलाय, विकला नाही.’ मला त्या वाक्याचा फार अभिमान वाटायचा. मैत्रिणींना सांगायचे.

२००३ मध्ये ते गेले. दिवस झाल्यावर त्यांची काळी ट्रंक उघडली. हिरवा गणवेश, डांबरगोळ्यांचा वास, डिस्चार्ज बुक, आणि त्याच्या मागच्या पानात चार घड्या घातलेलं रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचं, पत्र. टाइप केलेलं, खाली जांभळा शिक्का. मुलांच्या शिक्षणाच्या सवलतीसाठी अर्ज करावा, सोबत नमुना जोडला आहे, असं त्यात होतं. नमुनाही होता, कोरा. वरच्या बाजूला वडिलांनी पेन्सिलने माझं नाव लिहून पाहिलं होतं. फक्त नाव. पुढे काही नाही.

त्या पेन्सिलीच्या अक्षरापाशी मी फार वेळ बसून होते. त्यांना मागायचं नव्हतं हे पूर्ण खरं नव्हतं. त्यांना फॉर्म इंग्रजीतून भरता येत नव्हता, आणि भरून द्या असं कुणाला म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. तेव्हापासून मी हे कागद वाचायला शिकले आणि विचारायला येईल त्याला वाचून दाखवते.

तुमच्या मुलीला हे पत्र वाचायला द्या. तिला म्हणावं, तुझ्या बाबांनी नोकरी पत्करली तेव्हा सरकारने त्यांना जे कबूल केलं होतं, त्यातलंच हे आहे. बाबा असते तर पहिल्या वर्षाची फी त्यांच्या पगारातून गेली असती आणि ती त्यांनी हौसेने भरली असती. ते ड्युटीवर गेले म्हणून ती आता दुसऱ्या खात्यातून जाते आहे. तरीही तिला रुचलं नाही, तर तिला दटावू नका. ती सात वर्षांची असताना बाबांना तिरंग्यात गुंडाळून आणलेलं तिने पाहिलं आहे, त्या आठवणीला पैशाचा हात लागू नये असं तिला वाटतं. ते मन चांगलं आहे. फक्त अर्जाची तारीख निघून जाऊ देऊ नका. सही ती करेल, समजूत नंतरही पटेल.

राहिले दीर. त्यांनी अकरा वर्षं कागद सांभाळले, त्याबद्दल त्यांचे आभार माना, मनापासून. आणि मग फाइल तुमच्याकडे घ्या. भांडून नको. ‘भाऊजी, आता मुलीच्या कॉलेजसाठी रोज लागतील, माझ्याकडेच राहू द्या’ एवढं पुरे. तुमची पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन प्रणालीतून येत असेल, तर त्या खात्याला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते आधी पाहा. दिरांचा असेल तर बदलून तुमचा घाला. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, खातं त्याच्या हातात असतं. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखलाही मग तुम्हाला स्वतः देता येईल.

फाइलमध्ये काय काय हवं ते सांगते. पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), मृत्यूचा दाखला, लष्कराने दिलेलं कॅज्युअल्टीचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज बुक किंवा रेकॉर्ड ऑफिसची सेवेची कागदपत्रं, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने दिलेलं तुमचं ओळखपत्र. ओळखपत्र काढलेलं नसेल तर पहिलं काम ते. कुठलाही कागद हरवला असेल तर मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, तिथे लिहायचं. पत्र साताऱ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलं तर लवकर हलतं. (या सदराच्या इतर वाचकांसाठी: तोफखान्याचं नाशिक रोडला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला.)

आणि नाव. यात जितके अर्ज अडकतात तितके मार्कांवरून अडकत नाहीत. मूल जन्मलं की जवान युनिटमध्ये कळवतो आणि ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये मुलाचं नाव आणि जन्मतारीख चढते. त्या वेळी पाळण्यातलं नाव ठरलेलं नसतं, म्हणून फोनवरून कळवलेलं लाडाचं नाव चढतं. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, त्यांच्या मुलीचं लष्करी कागदांत नाव ‘छकुली’. दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर वेगळं. ती मुलगी त्याच वडिलांची आहे हे सिद्ध करायला पाच महिने गेले आणि त्या वर्षीची मुदत टळली. तुमच्याकडे ‘पार्ट टू ऑर्डर’ची नक्कल असेल तर आजच रात्री काढून दोन्ही मुलांची नावं आणि जन्मतारखा आधारशी आणि शाळेच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून दुरुस्ती मागवायची. त्यासाठी अर्ज खुला होण्याची वाट पाहायची नाही.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी वडील अपंगत्व येऊन ‘बोर्ड आऊट’ झालेले, म्हणजे वैद्यकीय कारणाने सैन्यातून घरी पाठवलेले असतील, तर तुम्हालाही तेच सांगणं: डिसॅबिलिटी पेन्शनच्या कागदावर अपंगत्व सेवेमुळे आलेलं म्हटलं आहे की नाही ते पाहा. म्हटलं असेल तर मुलं चौथ्या गटात येतात, लढाईतलं असेल तर दुसऱ्यात. ‘सेवेमुळे नाही’ असं लिहिलं असेल आणि ते तुम्हाला चूक वाटत असेल, तर त्यावर अपील करता येतं आणि पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येतं. त्याचं एक पीठ मुंबईत आहे. ‘ऑर्डिनरी’ पेन्शनवर असलेल्या भगिनींनाही ही वाट मोकळी आहे. वेळ लागतो, पण मी लोकांना तिथून कागद बदलून घेऊन येताना पाहिलं आहे.

आणि ज्यांची मुलं अजून अकरावी-बारावीत आहेत त्यांनी लक्षात घ्या, इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये सैनिकांच्या मुलांसाठी ५ टक्के जागा असतात. महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या माजी सैनिकांच्या मुलांना तो ‘डीईएफ-१’ प्रकार. त्याचं प्रमाणपत्र फॉर्म भरण्याआधी हातात हवं. नंतर दाखवलेलं चालत नाही. लष्करातल्यांच्या मुलांसाठी पुण्यात दिघीला आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, तिथला प्रवेश जेईईच्या मार्कांवर होतो. ताई, तुमच्या धाकट्यासाठी हे दोन्ही वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, चार-पाच वर्षांनी उपयोगी पडेल.

आता तुम्ही या आठवड्यात काय करायचं. सोमवारी साताऱ्याला सैनिक कल्याण कार्यालयात जा, मुलीला घेऊन. तिथे ‘कल्याण संघटक’ असतात, ते स्वतः माजी सैनिकच असतात, त्यांना भेटा. सकाळी लवकर पोचा, मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स बरोबर ठेवा. विचारायचं ते तीनच गोष्टींचं: मुलीची पंतप्रधान शिष्यवृत्ती, मुलाचं शिक्षण अनुदान, पुण्यातलं मुलींचं वसतिगृह. कुणी तोंडी नाही म्हणालं तर रागावू नका, पण अर्ज देऊन पोच घ्या आणि पोचेवर तारीख आहे ना ते बघा. बोलताना अडखळलात तर पीपीओ पुढे सरकवा आणि त्या ‘स्पेशल’वर बोट ठेवा.

शिष्यवृत्तीच्या अर्जाला मुख्य तीन दाखले लागतात, ठरलेल्या नमुन्यात: सैनिक कल्याण कार्यालयाचा, कॉलेजचा बोनाफाइड, आणि खातं आधारला जोडलेलं असल्याचा बँकेचा. खातं मुलीच्या स्वतःच्या नावाचं हवं. नसेल तर याच आठवड्यात उघडा. ऑनलाइन अर्ज भरला की मूळ कागद घेऊन पुन्हा साताऱ्याला तपासणीसाठी जावं लागतं, ते राहून गेलं तर अर्ज दिल्लीला पोचतच नाही. आणि मुलीला सांगा, बोनाफाइड घेताना कॉलेजचा गोल शिक्का आणि प्राचार्यांची सही नीट उमटली आहे का ते तिथेच, खिडकीपाशी उभं राहून पाहून घे. पुसट शिक्क्यामुळे परत आलेले अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि पुणे-सातारा हेलपाटा तिच्या परीक्षेच्या दिवसांत पडतो.